मायचे गुडघे आणि बुद्ध लेणी

रविवारी माझ्या मेसला सुट्टी असते. मेस म्हणजे वाळूजच्या कंपन्यांत राबणाऱ्या पोरांचे डबे. आठवडाभर पहाटेपासून गॅससमोर उभं राहायचं, पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे. त्यामुळे रविवारी माझी एकच इच्छा असते, की कुणी मला हाक मारू नये. त्या रविवारी मात्र उजाडायच्या आत माय (माझी सासू, पण सासूसारखं तिनं मला कधी वागवलं नाही) पांढरी साडी नेसून माझ्या उशाशी उभी.

"ऊठ. बुद्ध लेणीला जायाचंय."

"आणि तुझे गुडघे?"

"ते बी येतील संगं."

आता हिच्याशी काय बोलायचं? गेल्या वर्षी मायच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की आजी, चाला, फिरा, पण जमिनीवर बसायचं नाही म्हणजे नाही. घरी ठीक होतं, पलंग होता. अडलं ते बजाजनगरच्या आमच्या गल्लीतल्या विहारात. दर रविवारी संध्याकाळी तिथं वंदना होते आणि ती सांगायची मायनं, बाकी बायकांनी मागून म्हणायची, असं मी लग्न होऊन इथं आले तेव्हापासून बघतेय. ऑपरेशननंतर बायकांनी तिच्यासाठी आपुलकीनं खुर्ची टाकली. मायनं एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा बुटक्या टेबलावरच्या मूर्तीकडं बघितलं आणि आली घरी निघून. "बुद्धाच्या वरून बसू व्हय मी? लोक तोंडात शेण घालतील." त्या दिवसापासून विहार सुटला तो सुटलाच, घरातसुद्धा तिच्या तोंडून वंदनेचा शब्द निघेना. माझ्या घरातला आवाजच गेला. पोळ्या लाटताना मला त्याची किती सवय होती ते तेव्हा कळलं.

म्हणून उठले. चिडचिड करत उठले, पण उठले. धपाटे थापले (ज्वारीच्या पिठात मिरची-कोथिंबीर घालून हातानं थापतात ते), ठेचा घेतला, दही घेतलं. दोघींपुरतं करायला हातांना येतच नाही. पिशवी भरली तेव्हा बघितलं तर अख्खी पंगत जेवली असती.

शहर बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मायनं आपला बेत सांगितला.

"तिथं मी खाली बसनार. मांडी घालून. तिथं गल्लीतलं कोनी बघाया नसतंय."

"माय, वेडी झालीस का? आणि उठवणार कोण?"

"तू कशाला हाईस मग?"

मी कपाळाला हात लावला. नगर नाका गेला, छावणी गेली, आणि मी सारा वेळ नवा गुडघा मोडला तर पुढं काय, एवढाच विचार करत होते. झोपही लागेना. एरवी बस सुटली की माझी मान पडते.

क्रांती चौकात उतरून रिक्षा केली. रिक्षावाले सलीमभाई म्हणजे भला माणूस. मायला चढवताना स्वतः खाली उतरून हात दिला. "अम्मा, आराम से. हमकू कायकी जल्दी है?" मी पिशवीतून दोन धपाटे काढून त्यांना दिले, तर एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातात धपाटा, अशी आमची स्वारी मकबऱ्याच्या मागच्या रस्त्याला लागली. "आपा, मिरची तो खतरनाक है," म्हणाले, आणि तिसरा मागून घेतला.

पायथ्याशी त्यांनी रिक्षा सावलीला लावली. थांबतो म्हणाले. समोर डोंगर, वाळलेलं गवत आणि पायऱ्या. मला त्या पायऱ्या बघूनच रडू आलं. माय एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून चढू लागली. चार पावलं टाकायची, थांबायचं, पदरानं तोंड पुसायचं. मागं वळलं की खाली मकबऱ्याचा पांढरा घुमट आणि त्यापलीकडं धुळकट शहर दिसायचं. सुंदर दिसत असावं. एक जोडपं तिथं फोटो काढत होतं. मी मात्र बसायला सावली कुठं आहे तेवढंच बघत होते.

अर्ध्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. झालं! तापल्या दगडावर एक पाय चपलेत, एक अनवाणी, अशी मी लंगडत निघाले. तेव्हा माय हसली. कित्येक महिन्यांनी हसली.

"दवाखान्यात मी गेले अन् लंगडतीस तू."

पहिल्या लेण्यांपाशी आम्ही थांबलोच नाही, कारण माय थांबली तर तिला पुन्हा निघणं होणार नव्हतं. तिसऱ्या लेण्यात शिरलो. हा जुना विहार (भिक्खू राहायचे ती जागा). मधोमध मोठं दालन, नक्षीचे जाड खांब, बाजूंना झोपायच्या खोल्या. त्या खोल्यांचा गारवा अंगाला लागला आणि मला वाटलं, आपल्याला कुणी इथंच ठेवून घेतलं तर बरं. दाराशी चौकीदार प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मायनं मेणबत्त्या काढताच तो उठला.

"मावशी, आत पेटवायचं नाय बरं. धुरानं काळं पडतंय."

मायनं कुरकुरत मेणबत्त्या पिशवीत टाकल्या आणि थेट आतल्या गाभाऱ्याकडं निघाली. बाहेरच्या उन्हातून आल्यानं आत काहीच दिसत नव्हतं. मला दिसला तो फक्त मायचा पांढरा पदर. ती भिंतीला हात लावून गुडघे वाकवू बघत होती. मी धावले, मागून तिच्या कमरेला मिठी घातली.

"सोड गं मला!"

"नाही सोडणार! मोडून घेतेस का?"

आमची झटापट ऐकून चौकीदार बॅटरी घेऊन आला. "काय झालं मावशी?" म्हणत त्यानं उजेड पाडला आणि आम्ही दोघी तशाच, एकमेकींना धरून, वर बघत राहिलो.

समोर बुद्ध बसला होता. केवढा तरी मोठा. पण आमच्या विहारातल्यासारखा मांडी घालून नव्हे. उंच आसनावर, दोन्ही पाय खाली सोडून, आपण बाकड्यावर बसतो तसा. दोन्ही बाजूंना दगडाची माणसं गुडघे टेकून बसलेली, बाया, बाप्ये, फुलं घेतलेली.

माय लग्नानंतर एकदा इथं आली होती, पण जत्रेच्या गर्दीत तिला माणसांच्या टाळक्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. आता ती बघतच राहिली. त्याच्या गुडघ्यांकडं बोट करून म्हणाली,

"ह्येचे बी गुडघे दुखत असतील का गं?"

मला हसू फुटलं. चौकीदारालाही. तो म्हणाला, "इथं बऱ्याच मूर्ती अशाच हायेत मावशी, पाय सोडून." आणि काय मनात आलं त्याच्या, बाहेर जाऊन आपली खुर्ची घेऊन आला. गाभाऱ्याच्या दाराशी ठेवली.

"नाय, नाय," माय मागं सरली. "त्येच्या बरोबरीनं बसू व्हय?"

"बस तर खरी," मी म्हणाले. "बरोबरी होते का बघू."

ती भीत भीत टेकली. मी खाली वाकून बघितलं. खुर्चीत बसूनही तिचं डोकं त्याच्या कमरेला लागत नव्हतं. "बघ, कुठं आहेस तू!" मी म्हणाले. मायनं मान वर करून अंतर नीट पारखलं. साडी सावरली. पाय सरळ केले. आणि हात जोडून वंदना म्हणायला लागली.

पहिला शब्द चिरकला. मग आवाज लागला. त्या दगडात तो असा काही घुमला, की चौकीदारानंही चप्पल काढली. मी मागून म्हणत होते, म्हणजे म्हणायला सुरुवात केली होती. गुडघे टेकलेल्या दगडी बायांच्या शेजारी भिंतीला टेकले तेवढं आठवतं. पुढचं मायच्या बोलण्यानं कळलं.

"दगडाची मान्सं जागी हायेत अन् तू घोरतीस!"

खाली येऊन आम्ही चौघांनी, म्हणजे आम्ही दोघी, सलीमभाई आणि जेवायच्या सुट्टीत आलेला चौकीदार, कडुलिंबाखाली धपाटे खाल्ले. दही आंबट झालं होतं, तरी संपलं.

ऊन उतरल्यावर सलीमभाई म्हणाले, बजाजनगरपर्यंत सोडतो, अम्माला बसमध्ये कायकू चढवता? रिक्षा गल्लीत वळली तेव्हा विहारात लोक जमत होते. मायनं सलीमभाईंच्या पाठीवर हात मारला. "थांब बाबा इथं."

"माय, घरी चल गं. माझे पाय गळालेत," मी म्हणाले.

ती उतरलीसुद्धा. मी रिक्षातूनच बघत राहिले. तिला बघून बायका लगबगीनं सरकल्या, एकीनं मागच्या भिंतीशी खुर्ची टाकली. माय मूर्तीसमोर उभी राहिली. इथं तर टेबल तेवढंच बुटकं होतं. आता फिरेल, घरी येईल आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडेल, असं वाटलं.

"पोरींनो," माय म्हणाली, "त्या टेबलाखाली आनखी एक टेबल ठिवा. त्येला वर घ्या. मला काय आता खाली येनं व्हत नाय. अन् खुर्ची मागं नको. म्होरं आना."

मग दोघी उठल्या आणि त्यांनी मूर्ती अलगद उचलली.

लोक लेणी बघायला जातात आणि फोटो घेऊन येतात. माझी माय बसायची जागा घेऊन आली. सलीमभाई "आपा, रोते कायकू?" विचारत होते आणि मला सांगता येईना, कारण तोवर आतून तिचा आवाज सुरू झाला होता आणि गल्लीतल्या साऱ्या बायका तिच्या मागून म्हणत होत्या.