मांजरीचा शोक

बायकोच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नदीकाठी ऊन चढत गेलं. नातेवाइकांनी एकेक वचन देऊन पाहिलं. शेवटी तिचा धाकटा भाऊ हात जोडून पुढं झाला. हा गावचा पुढारी; घरातही समोर माईक असल्यासारखा बोलतो. "ताई, तुझ्या मांजरीची काळजी करू नको. तिला म्या सांभाळतो." तेवढ्यात कावळा उतरला. बाया रडल्या. मेहुण्याने सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू कावळाही त्याच्याच पक्षातला.

त्यानंतर मांजर नुसती झोपून राहू लागली. म्हातारी होती, झोप आधीपासूनच भरपूर. पण पूर्वी दुधाच्या पातेल्यावरचं झाकण वाजलं की डोळे मिटलेले ठेवूनच ती एक कान वळवायची. उन्हाबरोबर सरकत ओसरी ओलांडायची. आता बायकोच्या गोधडीवर हनुवटी टेकून, अंग आक्रसून पडलेली असायची. उठली तर पाण्यासाठीच. वाडगा भरून ठेवला की थोड्या वेळात रिकामा. अंग चाटणं तिनं सोडलं होतं. पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या.

भेटायला येणाऱ्यांची मात्र सोय झाली. "मुकं जनावर, पण माया बघा कशी हाय," असं म्हणत बाया डोळ्यांना पदर लावायच्या. एकीने गोधडीसकट तिचा फोटो स्टेटसला ठेवला. पाण्याचा वाडगा कुणालाच दिसला नाही. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. शोक करणारी मांजर लोकांना आवडते. तिला दवाखान्यात न्यावं लागत नाही.

मी मेहुण्याला फोन केला. अंबाजोगाईला मांजरं तपासणारे एक डॉक्टर आहेत, गाडी पाठवता का, असं विचारलं.

"मांजरासाठी गाडी?" तो हसला. जवळ माणसं बसलेली असावीत, कारण त्याने आवाज चढवला. "दाजी, म्हातारी झाली ती. झोपंल न्हाई तर काय करंल? दुःख हाय तिला. पडू द्या."

"तुम्ही शब्द दिला होता."

"त्यो कावळ्यासाठी दिलता, दाजी."

मी तिला भाजीच्या टोपलीत ठेवलं, वर बायकोच्या साडीचा तुकडा बांधला आणि एसटीने गेलो. डॉक्टरांनी तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली; एवढं पिऊनही अंगात पाणी टिकत नव्हतं. मग रक्त तपासलं. मूत्रपिंडं थकली होती.

"म्हातारं मांजर जास्त झोपतं, हे खरं," ते म्हणाले. "पण झोप अशी एकदम वाढली, त्यात पाणी वाढलं, खाणं कमी झालं, तर वय म्हणून सोडून द्यायचं नाही." पूर्ण बरी होणार नव्हती. सलाइन आणि औषधांवर काही काळ बरा जाणार होता.

दुसऱ्या मासिक श्राद्धाला मेहुणा चार माणसं घेऊन आला. मांजर माझ्या पुस्तकांच्या कपाटावर बसून पंजा चाटत होती.

"बघा, सरलं तिचं दुःख," तो सोबतच्यांना म्हणाला. "म्या ताईला शब्दच दिलता." चौघांनी माना डोलावल्या. त्या कामासाठीच त्यांना आणलेलं असतं.

मी चहा पुढं केला. ती मंडळी गेल्यावर टोपली उतरवली. सलाइनचा दिवस होता आणि दुपारची एसटी यायची वेळ झाली होती.