विहिरीची दुपार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शाळेतल्या मैत्रिणींना नाही — आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं, त्यांना तर नाहीच नाही. आता का सांगते आहे? माहीत नाही. दमले आहे, एवढंच कळतं. एप्रिल लागला आणि दुपारी दारं लोटून घेतली, की दरवर्षी तेच आठवतं. बारा उन्हाळे झाले. आता नको वाटतं.

पण आधी वाडीबद्दल सांगू दे. मुद्द्यावर ये म्हणाल — येते, येते. पोरींनो, पाल्हाळ लावू नका, म्हणून वर्गात तीस वर्षं ओरडले, आणि आता स्वतःच बघा.

गिरगावातल्या एका शाळेत मराठी शिकवत होते. लग्न केलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडली आणि वसईत, पापडीच्या बाजूला, दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलं. पुढेमागे थोडी मोकळी जमीन, आणि शेजारच्या अण्णांच्या विहिरीत वाटा. मला शांत जगायचं होतं. ‘शांत जगणं’ हे शब्द तेव्हा माझ्या तोंडात फार असायचे. मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांतून तर विचारूच नका. पहाटे मोगऱ्याला पाणी, नऊच्या आत खुरपणी, ऊन चढलं की फरशीवर ओलं फडकं फिरवायचं आणि चटईवर पडायचं. वाचत, नाहीतर नुसतंच. चार वाजेपर्यंत काहीही करायचं नाही.

हे दुपारचं पडणं मला अण्णांनीच शिकवलं. अण्णा सत्तरीचे, पिढीजात वाडीवाले. घरात त्यांच्या वाडवळीत बोलायचे, त्यातलं निम्मं मला कळायचं नाही. माझ्याशी मात्र जपून, पुस्तकी मराठीत — कारण मी बाई. शाळा सुटली तरी बाईच. त्यांच्या पानवेली होत्या, पांगाऱ्यावर चढवलेल्या, आज्यापासून चालत आलेल्या. विड्याचं पान किती नाजूक असतं हे मला तिथे कळलं. घामट हाताने खुडलेलंसुद्धा त्यांना चालायचं नाही.

आणि विहिरीचा नियम. दुपारी बारा ते चार विहिरीला हात लावायचा नाही. का? तर पूर्वी रहाट होता, रहाटाला रेडा होता. रेडा दुपारी दमायचा, त्याला सावलीत बांधायचे, तेवढ्यात झरे विहीर भरून काढायचे. मग पंप आला. पंप दमत नाही, अण्णा म्हणायचे, म्हणून आपण रेड्याची दुपार पाळायची. विहिरीत आतल्या बाजूला एक काळा दगड पुढे आलेला होता. पाणी त्याच्या खाली गेलं की समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. समुद्र लांब नाही इथून. सगळ्या वाडीवाल्यांना हे माहीत होतं, आणि मलाही होतं. नीट माहीत होतं — हे लक्षात ठेवा.

तर मी त्या वर्षी हिरवळ लावली. हसा, हसा. वसईत, उन्हाळ्याच्या तोंडावर, घरापुढे हिरवळ! कुठल्याशा मासिकात चित्र पाहिलं होतं. आणि शाळेतल्या पाच मैत्रिणींना मे महिन्यातल्या एका रविवारी बोलावून ठेवलं होतं. या, बघा, अनवाणी चाला, मी कशी राहते ते बघा.

नेमकं त्याच वेळी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. बारा दिवस बोरिवलीला मुलीकडे राहायचं, वाकायचं नाही, ऊन घ्यायचं नाही. काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, त्याही बरोबर गेल्या. वाडीत राहिला त्यांचा मुलगा प्रकाश. तिशीचा, शांत. कारखान्यात त्याची रात्रपाळी असायची. सकाळी येऊन वेलींना पाणी लावायचा, जेवून झोपायचा, संध्याकाळी पुन्हा पाणी लावून कामाला जायचा. जाताना अण्णा माझ्याकडे आले. पंपाच्या खोपटाची दुसरी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, “बाई, माझे डोळे आता नाहीत. काळ्या दगडावर तुमचे डोळे ठेवा.”

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, खोटं नाही सांगत.

तिसऱ्या दिवशी हिरवळीचा एक कोपरा पिवळा पडला. माझ्या पाळीचं पाणी होतं अर्धा तास. पुरेना. दुपारी एक वाजता — प्रकाश गाढ झोपलेला, त्यांचं घर वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला — मी किल्ली घेतली. दहाच मिनिटं, म्हटलं. दुसऱ्या दिवशी वीस. मग तासभर. मग वेळेचा नेम नसला तरी रोज. एकदा विहिरीत डोकावले. काळा दगड अख्खा उघडा पडला होता, त्याच्या खालचं शेवाळसुद्धा सुकलेलं. मी काय केलं? त्या दिवसापासून डोकावणं बंद केलं.

मैत्रिणी आल्या. हिरवळीवर चालल्या. एक म्हणाली, किती शांत गं तुझ्याकडे. मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

अण्णा परतले ते काळा चष्मा लावून. रोज सकाळी विहिरीचं एक घोट पाणी तोंडात घोळवायची त्यांची सवय होती. त्या सकाळी बराच वेळ घोळवलं. मग थुंकले, पुन्हा घेतलं. पाणी मचूळ झालं होतं. वेलींची खालची पानं कडेने करपू लागली होती, ती त्यांना दिसत नव्हती, म्हणून बोटांनी चाचपत ते एकेका वेलीपाशी थांबत गेले. मी माझ्या दारातून बघत होते.

मग ते आले. मागे प्रकाश. प्रकाश सांगत होता, मी पाळीबाहेर पंप लावला नाही, वेळेवर उठत होतो. अण्णा त्याच्याकडे न बघता मला म्हणाले, “बाई, तुम्ही घरीच होतात. दुपारी पंप चालायचा का?”

आता बघा, किती सोपं होतं. मी लावला, अण्णा. चार शब्दसुद्धा नाहीत. ते चिडले असते, किल्ली परत घेतली असती, कदाचित वर्षभर बोलले नसते. बस. यापेक्षा जास्त काय झालं असतं माझं?

मी म्हणाले, “ऐकला मी, तीन-चारदा. मला वाटलं, तुम्हीच प्रकाशला सांगून गेला असाल.”

प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. किल्ल्या दोनच होत्या, एक त्याच्याकडे आणि एक माझ्याकडे. त्याने पंप लावला नव्हता हे त्याला ठाऊक होतं. मग उरलं कोण? मी झारी उचलली आणि उगाच नळाखाली धरली. मला वाटलं, आता तो बोलेल. तो बोलला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुष्कळ वर्षं मी त्याला घाबरट म्हणत राहिले मनातल्या मनात — मी!

अण्णांनी त्याला एवढंच सांगितलं, उद्यापासून विहिरीला हात लावू नकोस. बाहेरच्या माणसाला यात काही मोठं वाटायचं नाही. पण वाडीवाल्याच्या मुलाला विहिरीला हात लावू नको म्हणणं म्हणजे वाडी तुझी नाही म्हणणं. बाप-लेकाचं बोलणं तिथून तुटलं. वर्षाच्या आत प्रकाशने जूचंद्रला भाड्याची खोली घेतली. पावसाळ्यात विहीर गोडी झाली, पण वेली तोवर गेल्या होत्या. पुन्हा लावायला अण्णांच्या हातात जोर नव्हता, आणि ज्याच्या हातात होता तो जूचंद्रला. काकू सणावारी चोरून डबा पाठवायच्या. कधीकधी माझ्याच हाती, वसई बाजारापर्यंत. मी नेऊन दिला. प्रकाश डबा घ्यायचा, बाई कशा आहात विचारायचा.

हिरवळ जूनच्या आधीच जळून गेली. मोगरा मात्र मी नळाचं पाणी घालून जगवला.

सात वर्षांनी अण्णा गेले. मेच्याच महिन्यात, भर दुपारी. माझ्या मोगऱ्याची ओंजळभर फुलं घेऊन मी गेले. अंगणात माणसं, काकू भिंतीला टेकून बसलेल्या. प्रकाश अण्णांच्या पायाशी उभा होता. त्याने माझ्या हातातली फुलं घेतली, अण्णांच्या छातीवर नीट पसरून ठेवली, आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “अण्णा शेवटपर्यंत आईला म्हणत होते, बाई कशाला खोटं सांगतील.”

मी घरी आले. चार वाजून गेले होते. मोगऱ्याला पाणी घातलं.