मावशींनी न विचारता दिलेली गोळी

दवाखान्यात घशातून दुर्बीण घालून पोट तपासायच्या खोलीतल्या मावशींचा हात पेशंटच्या कपाळावर पडला की निम्मं काम झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणत. तेवीस वर्षं मावशी लोकांची डोकी धरत आल्या होत्या. तोंडाने फटकळ, पण नळी घशात जाण्याआधी प्रत्येकाला पुढचं सगळं सांगून टाकायच्या. "आता उमासा येईल, घाबरायचं नाही, नाकाने श्वास घ्या."

मंगळवारी दुपारी स्ट्रेचरवरून आले ते त्यांचेच यजमान. पेशाने वेल्डर. शर्टभर रक्त, चेहरा पांढराफटक. कारखान्यातल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभाला दारूचे दोन पेले घेतले आणि अशा काही उलट्या सुरू झाल्या, की शेवटी रक्तच पडायला लागलं.

मावशींना कारण लगेच कळलं. तीन महिने त्या रोज सकाळी यजमानांच्या चहात दारू सोडवायची गोळी कुस्करून घालत होत्या. ती अंगात असताना दारू पोटात गेली की माणूस ओकून ओकून बेजार होतो. याआधीच्या उलट्या यजमानांनी पित्तावर ढकलल्या होत्या. ओळखीच्या औषधवाल्याने गोळी दिली, आणि दवाखान्यातलं आपल्याला सगळं कळतं या तोऱ्यात मावशींनी डॉक्टरांना विचारलंसुद्धा नव्हतं.

"काही गोळ्या चालू आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे, एकही नाही," यजमान कसेबसे म्हणाले.

गप्प बसणं सोपं होतं. पण माणूस हातचा गेला तर?

"आहे, बाई. दारू सोडवायची. मीच घालते, चहातून. ह्यांना ठाऊक नाही."

डॉक्टरीणबाईंनी एकदाच रागाने पाहिलं. "ते नंतर बोलू. डोकं धराल?"

"धरते."

पडद्यावर आधी नुसतं लालच लाल. पाण्याने धुतल्यावर, अन्ननलिका पोटाला मिळते तिथे, ओकण्याच्या ताणाने पडलेली बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. इंजेक्शन दिलं, मग इवल्या चिमट्यांसारख्या क्लिपा. एक, दोन, तीन. रक्त थांबलं. नळी चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये कडी बसवलेली असल्याने यजमानांना बोलता येत नव्हतं, ते फक्त बायकोकडे बघत होते. मावशींनी नजर पडद्यावरच ठेवली.

संध्याकाळी वॉर्डात त्या म्हणाल्या, "अहो, चुकलं माझं."

यजमानांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग खरखरत्या आवाजात म्हणाले, "विचारलं असतंस, तर घेतली असती मी."

मावशींना ते खरं वाटलं नाही. पण खरंच असलं तर, या विचाराने त्या तिथेच, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडल्या.