लाटण्याने ऐकलेली गाडी

मी गिरणीवाल्याची मुलगी. अळणावरजवळच्या आमच्या गावात वडिलांची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीत वाढलेलं माणूस हळू बोलायला कधी शिकत नाही. लग्न होऊन हुबळीला, विद्यानगरात आले, तर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं हळू बोल, शेजारच्या घरातून 'ओ' आली." मी काही आवाज कमी केला नाही. सासऱ्यांना मात्र माझं बोलणं फार आवडायचं. "सून बघा कशी स्पष्ट बोलते. बाकी तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटता," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि मी फुगून जायचे.

सासऱ्यांना आम्ही अप्पा म्हणायचो आणि सासूबाईंना अव्वा. घराणं मूळचं सांगलीकडचं, पण हुबळीच्या बाजारात तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाशी कानडी, घरात मराठी आणि भांडण दोन्हींत. पितळेची घागर विकत घेताना अप्पा ती डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायचे, उजव्या हातातल्या अंगठीने टिचकी मारायचे आणि नाद पुरता विरेपर्यंत ऐकत राहायचे. केसाएवढी चीर असली तरी नाद मध्येच बसतो. अप्पांनी वाजवून घेतलेली घागर गळायची नाही, हे लांबच्या कलघटगी गावच्या बायकासुद्धा सांगत. त्या कानाचा त्यांना कोण अभिमान!

दुसरा अभिमान गाडीचा. काळी, गोल पाठीची, जुनीच घेतलेली. रोज ती घेऊन ते दुकानाला जात आणि रविवारी मला चालवायला शिकवत. सून गाडी चालवते हे बघायला लोक फाटकाशी येऊन उभे राहत. "बघू दे. त्यांच्या डोळ्यांना काम नाही," अप्पा म्हणत. अशा माणसासाठी मी काहीही केलं असतं.

एके वर्षी दसऱ्याच्या सुमारास गाडी ओरडायला लागली. चालू केली रे केली की 'चींऽऽ' असा बारीक, कानात घुसणारा आवाज. वेग वाढवला की आवाजही चढायचा. गाडी गल्लीत वळली की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून दुसरीकडे जायचं. आमचे हे वैतागले. "अप्पा, एंजिन गेलं हिचं. विकून टाकू."

"का? काय झालं?"

"आवाज ऐकताय ना?"

"कसला आवाज? लोण्यासारखी चाललीय."

झालं, पेटलं! ह्यांना वाटलं, म्हातारा हट्टाला पेटून धडधडीत खोटं बोलतोय. अप्पांना वाटलं, पोराला गाडी विकायचीच आहे, म्हणून नसलेला आवाज काढतोय. बापलेकांचं बोलणं बंद. जेवायला समोरासमोर बसायचे आणि "त्याला म्हणावं ताक दे" असे निरोप माझ्यामार्फत जायचे. शेवटी ह्यांनी कमरीपेठेतल्या कुणाच्या तरी ओळखीने गिऱ्हाईक गाठलं. ते रविवारी गाडी बघायला येणार होतं. अप्पा अव्वांना म्हणाले, "आज गाडीचा आवाज येतो म्हणतोय. उद्या म्हणेल, बापाचाही येतो, विका." बोलताना हसले, पण मला भयंकर राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही.

शनिवारी सकाळी मी पदर खोचला आणि गाडीचं बॉनेट उघडलं. "तू काय करणार त्यात?" हे म्हणाले. म्हटलं, "गिरणी चालवणारीला गाडी काय सांगता? पट्टा तिथेही फिरतो, इथेही फिरतो. गाडी चालू करा आणि सांगेन तेव्हा बंद करा."

आवाज वेगाबरोबर चढत होता, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा होता. पुढचा पंख्याचा पट्टा आधी उतरवला आणि गाडी जराशी चालू करून बघितली. आवाज गप्प! म्हणजे एंजिन ठणठणीत. दोष एकतर पट्ट्यात, नाहीतर पट्टा ज्यांना फिरवतो त्यांच्यात. पट्टा पुन्हा चढवला, गाडी चालू करून त्यावर पाणी शिंपडलं. ओरडणारा पट्टा पाण्याने गप्प होतो. आवाज जसाच्या तसा. म्हणजे पट्टाही निर्दोष. मग स्वयंपाकघरातून लाटणं आणलं.

हे कपाळाला हात लावून म्हणाले, "आता पोळ्या करणार काय एंजिनावर?"

"गप्प बसा हो."

आमच्या गिरणीत वडील लाकडी दांडा यंत्राला टेकवायचे आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला लावायचे. लाकडातून ज्याचा त्याचा आवाज वेगळा येतो. मी लाटण्याचं टोक पंख्यापासून जपून आधी पाण्याच्या पंपाला लावलं. तिथे नुसती शांत घरघर होती. मग बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोला लावलं, आणि आई गं! लाटण्यातून चीत्कार आला तो थेट दातांत गेला. सापडला चोर. डायनॅमोच्या मागच्या टोकाला दांडा ज्यात फिरतो ते बुश कोरडं पडलं होतं.

अप्पा व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी ओरडून सांगितलं, "अप्पा, या. सापडलं!" ते आले, बॉनेटवर वाकले, कान दिला. गाडी जीव खाऊन किंचाळत होती. अप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, पण आवाज आहे कुठे?"

त्या चेहऱ्यावर खोटेपणा नव्हता. त्याच क्षणी मला त्यांचं 'हौद्री' आठवलं. 'हौद्री' म्हणजे कानडीत 'हो जी'. घरात मराठी बोलताना अप्पा मध्येच "हौद्री, हौद्री" म्हणायचे आणि आम्ही हसायचो, की दुकान डोक्यातून जात नाही म्हणून. दुकान कसलं! ऐकू आलं नाही की माणूस मान डोलावून वेळ मारून नेत होता. आणि मी स्पष्ट बोलते म्हणून नव्हे, मी ओरडते म्हणून त्यांची लाडकी होते.

गाडी बंद करायला लावली. त्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि चारचौघी बोलतात तशा आवाजात म्हटलं, "अप्पा, दुकानाला आग लागलीय."

हे दचकले. अप्पा पुढे बघत म्हणाले, "हौद्री."

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मी म्हटलं, "रडू नका. गाडी पुन्हा चालू करा." आणि अप्पांना धरून पुढे आणलं, लाटण्याचं एक टोक डायनॅमोला टेकवलं आणि दुसरं त्यांच्या कानामागच्या हाडावर दाबलं.

अप्पा एक पाऊल मागे सरले. "अय्यय्यो! ओरडतेय की ही!" लाटणं हातात घेऊन त्यांनी स्वतःच पुन्हा लावलं. काढलं, लावलं. मग मुलाकडे वळले. "अरे, तू खरं बोलत होतास की रे. मला वाटलं, मला खोटं पाडतोयस."

ह्यांनी त्यांचा हात धरला. मला अजून काम होतं. शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली, डायनॅमोच्या पाठीवरच्या भोकात थोडं थोडं तेल सोडलं. गाडी जरा कुरकुरली, चिरकली आणि गप्प झाली. अप्पा लाटण्याला कान लावून तो आवाज विरेपर्यंत ऐकत होते.

रविवारी ते गिऱ्हाईक चहा पिऊन परत गेलं. पुढे डॉक्टरांना दाखवून झालं, अप्पांच्या कानाला यंत्र आलं, दुकानाला त्यांना मी सोडू लागले. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी अप्पा लाटणं घेऊन तडक स्वयंपाकघरात शिरले. कोनाड्याखाली पितळेची एक घागर होती. गेल्या दिवाळीला त्यांनीच वाजवून, पारखून घरी आणलेली. अव्वा तिच्यात तांदूळ ठेवायच्या. नव्या घागरीत तांदूळ का, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा "असू दे" एवढंच म्हणाल्या होत्या.

अप्पांनी तांदूळ परातीत ओतले. मांडी घालून बसले, लाटणं घागरीच्या काठाला लावलं, दुसरं टोक हाडाला, आणि अंगठीने टिचकी मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

"फुटकी आहे," ते म्हणाले. "मी आणली ही?"

त्यांनी अव्वांकडे बघितलं. "तुला कळलं नाही?"

अव्वा, ज्या जन्मात कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या, अप्पांजवळ जाऊन बसल्या. लाटणं बाजूला केलं आणि कानाशी तोंड नेऊन घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी कळलं. पाणी भरलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं. म्हणून तांदूळ भरले."