बाल्कनीत बसवलेली पाखरं

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या मामांवर. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, भूगावातल्या त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये. अन्याय करणाऱ्याला आडोसा द्यायचा नाही हा आमच्या निसर्ग बचाव गटाच्या पत्रकांचा पहिला नियम आहे, म्हणून तेही इथेच लिहून टाकते: तो मी केला. आणि केला कुणावर, तर जनावराच्या बाजूने विचार करणारा त्यांच्याएवढा दुसरा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही, अशा माणसावर. माणसांच्या बाजूने ते फारसा विचार करत नाहीत, असं मामी म्हणते. पण मामीची बाजू ऐकायला वेगळं पत्रक लागेल.

मामांचा जन्म मेंढरांमागे गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन ताम्हिणीचा घाट उतरायचा, कोकणातल्या रिकाम्या भातशेतांत मेंढरं बसवायची आणि पावसाच्या आधी परत वर यायचं, असं चाळीस वर्षं चाललं. मग गुडघे गेले, पाठोपाठ मेंढरं गेली, आणि मामा भूगावात मुलाच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर येऊन बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. चार महिने हातात काठी घेऊन ते बाल्कनीतून समोरच्या इमारतीची भिंत बघत होते. माझा मामेभाऊ कंपनीतून आला की विचारायचा, "काय बाबा, काय केलं आज?" मामा म्हणायचे, "भिंत राखली." शेवटी तो एका रविवारी पिंजरा घेऊन आला. आत दोन फिंच. अंगठ्याएवढी पाखरं, चोच गाजरासारखी, नराच्या गालावर तांबूस ठिपका आणि आवाज जत्रेतल्या रबरी बाहुलीचा. मामांनी वाकून पाहिलं आणि ते चक्क रागावले. "ह्यांना काय राखायचं? ह्यांच्या मागं ना कोल्हा, ना लांडगा." तिसऱ्या दिवशी बाल्कनीच्या कठड्यावर एक शिक्रा येऊन बसला आणि मान तिरकी करून पिंजऱ्याकडे बघू लागला. मामांनी काठी आपटून त्याला उडवलं आणि आत येऊन समाधानाने मामीला सांगितलं, "हाय. हितं बी लांडगा हाय." त्या दिवसापासून माणूस पुन्हा जेवायला लागला.

पाखरं पाळण्यात मामा अगदी नवखे होते, पण नवखेपणा कबूल करणं त्यांच्या रक्तात नाही. फिंचला मेंढरू समजूनच त्यांनी सुरुवात केली. संध्याकाळी कळप मोजतात तशी ती दोन पाखरं ते रोज मोजायचे. मोजून झाली की "भरली" असं मोठ्याने म्हणायचे, आणि ते ऐकल्याशिवाय घरात कुणाला जेवायला वाढायचं नाही. पाखरांना नावं ठेवायला मात्र ठाम नकार. माझ्या मामेबहिणीने राजा-राणी सुचवलं, तर म्हणाले, "खूण वळखावी. नाव ठिवलं की जीव अडकतो." मेंढरांना मिठाचा खडा लागतो म्हणून एक खडा पिंजऱ्यात टांगला. पाखरांनी तो हुंगलासुद्धा नाही. मग तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना मामा मास्तरीणबाई म्हणतात, त्यांनी पुस्तकात बघून सांगितलं की मीठ नको, समुद्रफेस ठेवा, अंड्याची टरफलं उकळून चुरून द्या, दाणा राळ्याचा द्या आणि आंघोळीला बशीभर पाणी. मामांनी सगळं ऐकलं. पाखरू आंघोळ करतं हे पहिल्यांदा बघून त्यांनी मामीला हाक मारली, "अगं, हे बघ, मेंढरानं कधी जन्मात केलं न्हाई."

सगळ्यात मोठी चूक धुराची. पावसाळी दमटपणात मेंढरांना माश्या आणि चिलटं फोडून खातात, म्हणून मेंढरांच्या वाड्यावर संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायची रीत. मामांनी अवकाळी पाऊस झालेल्या एका संध्याकाळी लोखंडी घमेल्यात पाला घेतला, पिंजऱ्याखाली ठेवला आणि मायेने धूर केला. जिन्यातला आगीचा भोंगा वाजला, चार मजले रिकामे झाले, लोक खाली पार्किंगमध्ये उभे. आणि मास्तरीणबाई तेवढ्या उलट्या वर धावत आल्या. पाखरं पिसं फुगवून तळाशी बसली होती. "अहो, त्यांची फुप्फुसं हरभऱ्याएवढीसुद्धा नाहीत," बाई धापा टाकत म्हणाल्या. मामांनी घमेल्यावर बादली ओतली. मग खिशातलं विडीचं बंडल काढलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ते आजतागायत परत घेतलेलं नाही. मामीला या गोष्टीचा अजून राग आहे. "चाळीस वर्सं मी खोकले तवा सुटली न्हाई," ती येईल त्याला सांगते, "त्या बोटभर पाखराला ठसका लागला न् सुटली."

दुसरी चूक नारळाच्या करवंटीची. नवख्याने घरटं देऊ नये, दिलं तर ही पाखरं थांबत नाहीत, हे बाईंनी बजावलं होतं. पण जोडपं आपल्या घरी आलंय आणि त्यांना आडोसा नाही, हे मामांच्या मनाला पटेना. त्यांनी करवंटीला भोक पाडलं, आत काथ्या घातला. श्रावण उजाडेपर्यंत दोनाची अकरा झाली होती आणि बाल्कनीत पिंजऱ्याला पिंजरा लागला होता.

आता मूळ मुद्दा. शेतात मेंढरं बसवतात म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं: कळप रात्रभर एखाद्याच्या मोकळ्या शेतात थांबतो, लेंडीचं खत त्या जमिनीला मिळतं, आणि शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. दोघांचंही भलं. एकदा मास्तरीणबाईंच्या बाल्कनीतला गुलाब पिवळा पडलेला बघून मामा म्हणाले, "बाई, तुमची जमीन भुकेली हाय. चार दिस पाखरं बसवू का?" बाई हसून हो म्हणाल्या. झालं. रोज कोवळ्या उन्हात दोन तास पिंजरा त्यांच्या कुंड्यांवर दोन पट्ट्यांच्या आधाराने ठेवायचा, तळाचा पत्रा काढून जाळी उघडी, आणि बदल्यात मूठभर राळा. आठवड्याने गुलाबाला कळी आली. ती पाखरांमुळे आली की बाईंनी आदल्या महिन्यात घातलेल्या शेणखतामुळे, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. पण दुसऱ्या मजल्यावरची तुळस, पहिल्या मजल्यावरची मिरची, सगळ्यांनी मामांना बोलावणं धाडलं. पाळ्या लागल्या. मामा मात्र जागा बघितल्याशिवाय होकार देत नसत. वारा कुठून येतो ते बोट ओलं करून बघायचे, मांजर आहे का विचारायचे, आणि नॉनस्टिक तवा तापला की त्याच्या वाफेने पाखरू मरतं हे कळल्यापासून थेट स्वयंपाकघरात शिरून म्हणायचे, "वहिनी, तवा दावा." दाखवावा लागे.

हे सगळं चाललं तेव्हा मी कुठे होते? मी पौडला होते, डोंगरफोड थांबवण्यात आणि आठवडे बाजारात चोरून विकल्या जाणाऱ्या मुनिया सोडवण्यात. रानातल्या मुनिया पकडणं हा गुन्हा आहे, तो मी आजही सहन करणार नाही. आई फोनवर सहज म्हणाली, "मामा हल्ली पाखरांचा पिंजरा घेऊन घरोघरी जातो, लोक धान्य देतात." माझ्या डोळ्यांसमोर पोपटवाला ज्योतिषी उभा राहिला. किती लहान पाखरं, विचारलं. आई म्हणाली, चिमणीहून लहान. म्हणजे मुनिया. रात्रीत पत्रक लिहून छापलंसुद्धा: "आपल्या इमारतीत वेठबिगारी सुरू आहे! चौथ्या मजल्यावरील ज्येष्ठ नागरिकांनी रानातल्या मुनिया सात दिवसांत रानात सोडाव्यात, अन्यथा वनखात्याकडे तक्रार." खाली गटाचं नाव. सोमवारी सकाळी सात चाळीसला ते लिफ्टमध्ये चिकटवलं. चौथ्या मजल्याचं बटण माझ्या कोपराला लागत होतं. मी ते दाबलं नाही. वर जाऊन बघायला पाच मिनिटं लागली असती, पण मला पौडला मोर्च्याची तयारी करायची होती.

गुरुवारी दुपारी मामीचा फोन आला. "तुजा मामा निघाला बाई. पाखरं घेऊन, येष्टीनं, ताम्हिणीला. रानात सोडाया."

खरं सांगायचं तर पहिलं अर्धं मिनिट मला अभिमान वाटला. पत्रकाचा असा परिणाम आमच्या गटाने आजवर पाहिला नव्हता. मग मामी म्हणाली, "तीन दिस जेवला न्हाई. पिंजऱ्यावर घोंगडी टाकून बसला हुता. कुणी पाळीला बोलवलं तरी गेला न्हाई," आणि तिच्या हातून फोन मास्तरीणबाईंनी घेतला.

"पत्रक तू लिहिलंस?"

"हो."

"पाखरं बघितली होतीस?"

"नाही."

"मुनिया असत्या तर दहा महिन्यांपूर्वी मीच तक्रार केली असती. ती फिंच आहेत, परदेशी, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली. पाळणं गुन्हा नाही, सोडणं आहे पाप. ताम्हिणीच्या पावसात एक दिवस काढणार नाहीत. तो माणूस तुझ्यावर विश्वास ठेवून निघालाय. धाव."

ताम्हिणीची एसटी पौडवरूनच जाते. मी स्टँडवर पोचले तेव्हा ती सुटायच्या बेतात होती. धावत चढले. मामा खिडकीशी बसले होते, अंगावर प्लास्टिकचा कागद, मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला पिंजरा, आणि पायाशी दुसरा. आतून रबरी बाहुल्या बोलत होत्या. कंडक्टर डोकं खाजवत म्हणत होता, "आजोबा, शेळी असती तर तिकीट फाडलं असतं, ह्यांना काय फाडू?"

"मामा, उतरा."

"का? तुजंच काम कराया चाललोय."

"माझं चुकलं. ह्या मुनिया नाहीत."

"मला काय सांगती?" मामा शांतपणे म्हणाले. "मुनिया मी काय आज बघतोय व्हय? भाताच्या खाचरातनं हाकलत वाढलो मी."

"मग निघालात कशाला?"

"छापून आलंय ना. खाली तुज्या गटाचं नाव, म्हंजी तू लिवलंय. मला वाटलं, सरकारी कायद्यात ह्यांनाच मुनिया म्हणत असतील. तू खोटं कशापायी लिवशील?"

कंडक्टर म्हणाला, "ताई, बसताय का उतरताय?" मी खाली पाहिलं, मामांची पिशवी उचलायला. ती भलतीच जड होती. आत भाकऱ्यांची चवड, कांदे, राळ्याची पुरचुंडी, बॅटरी, आणि दुसरी एक घोंगडी.

"मामा, सोडून परत यायचं होतं ना? हे एवढं कशाला?"

"सोडून कोण येतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच नवखी. "नव्या रानात घातलेलं जनावर एकटं टाकत्यात का? आठ दिस मागं हिंडावं लागतं. कुटं चरायचं, कुटं निवारा, ते कळंस्तवर. मी ऱ्हाणार हुतो तितं."

"ह्या पावसात? ह्या गुडघ्यांनी?"

"गुडगं माजं हायेत, त्यांचं न्हाईत," मामा म्हणाले.

आम्ही उतरलो. मोठा पिंजरा मी धरला, धाकटा त्यांनी, आणि भूगावची गाडी येईपर्यंत स्टँडवरच्या बाकावर बसून त्यातल्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. तीन दिवसांनी मामा जेवत होते. मध्येच त्यांनी घोंगडीचं टोक उचललं, दोन्ही पिंजऱ्यांत बघितलं आणि ओठांतल्या ओठांत अकरापर्यंत मोजलं.

सोसायटीचे चेअरमन पत्रकाची प्रत घेऊन पिंजरे हलवा म्हणून आलेच होते. मी त्याच रात्री माझी चूक कबूल करणारं दुसरं पत्रक लिहिलं, मामांना वाचून दाखवलं. त्यात चेअरमननाही चार शब्द होते. मामा म्हणाले, "एवढं रागानं नको लिवू. वाचणारा बी माणूसच हाय." ते चार शब्द काढले. खाली गटाच्या नावाऐवजी माझं नाव घातलं, आणि या वेळी चौथ्या मजल्यापर्यंत जाऊन मग चिकटवलं. चेअरमननी वाचलं; दोन दिवसांनी त्यांची बायको येऊन आपल्या कडीपत्त्यासाठी पाळी लावून गेली.

पण एक गोष्ट मामांनी त्या बाकावरच ठरवली होती. अकरा पाखरं एका बाल्कनीला जास्त होतात. दमट दिवसांत एकमेकांच्या अंगावर बसतात, टोचतात. करवंटी त्यांनी काढून टाकली आहे. जुनी जोडी आणि एक पायाने अधू पिल्लू ते ठेवणार. बाकीची आठ, म्हणजे चार जोड्या, द्यायच्या आहेत, फुकट. मी दुकानातून पाखरू विकत घेण्याच्या विरोधात आहे आणि राहीन. पण ही जन्माला आलेली आहेत, त्यांना घर लागणार.

मामेभाऊ म्हणाला, फोटो टाकतो, उद्या चार जण गाड्या पाठवतील. मामा नको म्हणाले. का ते त्यांनी मला नंतर, पिंजरा पुसता पुसता सांगितलं. मेंढरं विकली तेव्हा व्यवहार फोनवर झाला होता. टेम्पो आला, पोरांनी मेंढरं चढवली, टेम्पो गेला. "नेणाऱ्याचं त्वांड बघायचं ऱ्हाऊन गेलं," मामा म्हणाले. "कसा माणूस हुता, हात कसं हुतं त्याचं, काय बी ठाव न्हाई. अजून वाटतं, इचारायला हवं हुतं." आणि पुसून झालेला पिंजरा त्यांनी पुन्हा पुसायला घेतला.

म्हणून, वाचणाऱ्या, तुला पाखरं हवी असतील तर जोडी ने, एकटं मिळणार नाही. धूर करणार नाहीस, घरटं देणार नाहीस, हे कबूल करून ये. आणि गाडी पाठवू नकोस. स्वतः ये, चौथ्या मजल्यापर्यंत वर ये, आणि पिंजऱ्याला हात लावण्याआधी तासभर मामांसमोर बस. त्यांना तुझा चेहरा नीट बघू दे.