दोन बरोबर, तीन बरोबर

सावंगीतल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना बरोबर सर म्हणत, आणि त्या माणसाने उभ्या जन्मात कुणाला 'तुमचं बरोबर आहे' म्हटलं नसेल. भाजीवाल्याशी वाद, पेपरवाल्याशी वाद, माझ्याशी तर रोजच. नाव पडलं ते खिडकीमुळे. माझी पुढची खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. तिथे खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर बसून ते मोठ्याने वाचत, "बरोबर बरोबर पेरणी बरोबर बरोबर." दूधवाल्याने मला विचारलं, "मावशी, सर फोनवर बायकोशी बोलून राह्यले काय?" मी म्हटलं, "बायको नाई त्याईले." तो म्हणाला, "नसून इतकं बरोबर म्हनते, असती तं काय झालं असतं!"

मोठ्याने वाचत, कारण नीट दिसत नव्हतं. वर्ध्याला त्यांचा टायपिंगचा क्लास होता, पुढे कॉम्प्युटर आले तसे ते तेही शिकवू लागले. मग साखरेने डोळे खाल्ले. दवाखाना जवळ म्हणून सावंगीत खोली घेतली, तेव्हा एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्याने पाण्यातून पाहिल्यासारखं दिसे.

इंटरनेटवर माहितीची अशी पानं असतात, की कुणीही उघडावं आणि दुरुस्त करावं. त्याला विकी म्हणतात. सरांचे जुने विद्यार्थी शेतीच्या माहितीचं एक विकी चालवत, आणि त्यातलं एकच काम सरांकडे होतं, शीर्षकांचं. मी चौथी शिकलेली. मला त्यांनी सांगितलं ते असं. शाळेत गणितात दोन आडव्या रेघांचं चिन्ह असतं, आपण त्याला बरोबर म्हणतो. पान लिहिताना शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना ती चिन्हं टाकायची. दोन बरोबर म्हणजे मोठं शीर्षक, तीन म्हणजे त्याच्या पोटातलं. मशीन ते वाचून एचटीएमएल नावाच्या भाषेत बदलतं. मग पडद्यावर चिन्हं दिसत नाहीत, नुसतं शीर्षक दिसतं. आणि कुणी ते पान दुरुस्त करून ठेवलं, की मशीनने त्या भाषेतून उलट चिन्हांत यायचं. जाताना दोन असतील तर येताना दोनच. सगळा घोळ ह्या परतीच्या वाटेवर होता, आणि मशीनला ती वाट शिकवायचं काम सरांचं.

"गेलं तसंच वापस याले पायजे, मावशी," ते म्हणत.

मी म्हटलं, "सासरी गेलेली पोरगी तशीच वापस येते काय?"

"पोरीचं तुमी पाहा. शीर्षक तसंच आलं पायजे."

एवढा आटापिटा कशाला, हे मी एकदा स्पष्टच विचारलं. शीर्षक थोडं लहान झालं तर कोणाचं काय जातं? आधी ते चिडले. मग म्हणाले, "डोळे जाऊन राह्यले माहे. पुढं मी कानानंच वाचीन." पान वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांच्याकडे होता. खरं शीर्षक आलं की तो तसं सांगतो, आणि एक कळ दाबली की उडी मारून पुढच्या शीर्षकावर जाता येतं. पण परतीच्या वाटेवर शीर्षकाची चिन्हं हरवली, की त्याची नुसती ठळक ओळ उरते. मग प्रोग्रामला ते शीर्षक कळत नाही. सगळं पान पहिल्यापासून ऐकत बसावं लागतं. "ठळक अक्षर डोळसांसाठी. आंधळ्याले ठळक काय अन् बारीक काय."

दुसरा डोळाही मंदावला, तेव्हा त्यांनी मला बोलावून शेजारी बसवलं. "इंग्रजी सोडून द्या. बरोबर किती दिसून राह्यले, तेवढं सांगा." दुपारची भांडी आटोपली की मी जाई. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, असं सांगे. 'एक एकर = चाळीस गुंठे' असं एक शीर्षक होतं. त्याने फार छळलं. पान जाऊन परत येई, पण बाजूच्या चिन्हांबरोबर मशीन मधलंही गिळून टाकी.

"मधला हाय काय?"

"नाई."

"नीट पाहा."

"नाई म्हटलं ना! मी काय खाल्ला तो?"

त्यावर ते हसत नसत. डोकं टेबलावर टेकवून बसत. मीही समजूत घालायला जात नसे. समजुतीने दिसायला लागत असतं तर घातली असती. चहा ठेवून यायची.

थंडी संपता संपता डोळा पूर्ण गेला. शीर्षकं अजून नीट झाली नव्हती. त्यापुढचं काम त्यांनी नुसत्या कानावर आणि माझ्या मोजणीवर केलं. कळा दाबताना चुकत, मला ओरडत, मी उलटून ओरडे. एका दुपारी मी म्हटलं, "मधला हाय." त्यांनी पान पुन्हा पाठवलं, पुन्हा परत आणलं. "आता?" "आताही हाय." मग त्यांनी वाचणारा प्रोग्राम लावला आणि कळ दाबत शीर्षकाशीर्षकावरून उड्या मारत पार खालपर्यंत गेले. पुन्हा वर आले. पोरासारखे. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या डोळ्यांना तेवढंच काम उरलं होतं.

हे सुख त्यांना पावसाळ्यापर्यंतच मिळालं. साखर किडनीत उतरली. त्यांची सिंदीची बहीण येऊन त्यांना घेऊन गेली. कॉम्प्युटर सोबत नेला, पण बसवतच नव्हतं, तर तो लावायचा कुणी?

ते वारले त्याच्या आदल्या आठवड्यात मी पॅसेंजरने सिंदीला गेले. बहीण दारातच म्हणाली, "मावशी, मी पेपर वाचून दाखवतो तं चिडतेत. म्हनते, सगळं एका दमात काऊन वाचतं?" मी पेपर घेऊन खाटेजवळ बसले. फक्त वरची मोठी ओळ वाचली आणि थांबले.

"पुढचं," ते म्हणाले.

दुसरी वाचली. "पुढचं." कापसाची, नळाची, कुणाच्या सत्काराची. कुठेच थांबले नाहीत. एवढ्या उड्या त्यांना किती दिवसांनी मारायला मिळत होत्या. पान उलटून मी पवनारच्या पुलाची ओळ वाचली. ह्या वेळी 'पुढचं' आलं नाही. श्वास चालू होता, झोप लागली होती.

बहीण हळूच म्हणाली, "वाचा नं, मावशी. आयकत असतीन."

मी बोट त्या ओळीखाली ठेवून बसून राहिले. बातमी वाचली नाही, पुढच्या ओळीवरही गेले नाही. ते सांगतील तेव्हाच हलायचं, अशी आमची पद्धत होती. शेवटची पॅसेंजर यायची वेळ झाली, तेव्हा पेपर तसाच उघडा ठेवून उठले.