पाण्याखालची ठिणगी

बाबा सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. मी लहान असताना माधव नगरच्या घरी ते गॅसच्या ज्योतीत तांब्याची तार धरायचे. ज्योत हिरवी व्हायची. चिमूटभर मीठ टाकलं की पिवळीधमक. "प्रत्येक धातू जळताना आपला रंग सांगून जातो," ते म्हणायचे. आई वैतागायची, "हटा आता, पोळ्या राहिल्यात माझ्या!"

पुढे मी इंदूरच्या एका प्रयोगशाळेत लागले. काम बाबांच्या त्या ज्योतीचंच, फक्त पाण्याखालचं. बुडालेल्या दगडावर लेसरचा क्षणभराचा झोत सोडायचा. तिथे सुईच्या टोकाएवढी ठिणगी पडते आणि तिच्या उजेडावरून दगडात काय काय आहे ते कळतं. दगड वर काढावा लागत नाही.

"पाण्यात आग?" बाबा हसले. "ये तो देखना पड़ेगा."

"मग या ना. कधीही या."

"नीट चालतं का?"

नीट चालत नव्हतं. पाणी ठिणगी लगेच विझवायचं. गढूळ असलं तर झोत दगडापर्यंत पोचायचाच नाही.

"मग पूर्ण होऊ दे आधी," ते म्हणाले. "अर्धवट प्रयोग मी वर्गात कधी दाखवला नाही. बघणारही नाही."

मी आग्रह केला, पण ते आपल्या शब्दाला चिकटून राहिले. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न मात्र तोच असायचा, "ठिणगी काय म्हणते?" मी अडचणी सांगायची, ते उपाय सुचवायचे. त्यातले काही चक्क उपयोगी पडले. अशी वर्षं गेली.

मधल्या काळात त्यांनी पेपर वाचणं सोडलं. छपाई बिघडलीय म्हणायचे. एकदा जिन्यात पडले, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. काला मोतिया, म्हणजे काचबिंदू, निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले. उरलेलीही हळूहळू गेली.

आणि मग यंत्र चाललं. पहिली बाहेरची चाचणी आमच्याच गावात, शिप्रा नदीच्या राम घाटावर करायची ठरली. पाण्यातल्या पायऱ्यांवर जो काळा थर बसलाय, त्यात काय आहे ते बघायचं होतं. मी बाबांना रिक्षाने घेऊन गेले. हिवाळ्यातली सकाळ होती. ते कोरड्या पायरीवर मफलर गुंडाळून बसले. आम्ही यंत्राची बाजूंनी बंद नळी पाण्यात सोडली आणि पायरीला टेकवली.

टक्.

"हीच का?" ते पुढे झुकले.

"हीच."

"रंग कसा आहे?"

ती ठिणगी नळीच्या तोंडाखाली, दगडावर पडते. बाहेरून कोणालाच दिसत नाही. रंग यंत्र वेगळे करतं आणि पडद्यावर नुसत्या उंचसखल रेघा उमटतात. तसं मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे डोळे असते तरी दिसली नसती," ते म्हणाले.

"रेघा दिसल्या असत्या, बाबा."

मी त्यांचं बोट धरून पडद्यावरून फिरवलं. हे कॅल्शियम, हे लोखंड, हे मिठातलं सोडियम. एका बारीक टोकाशी मी थांबले. "हे तांबं. लोक पाण्यात तांब्याची नाणी टाकत आलेत, त्याचं असेल."

"हिरवं," ते पुटपुटले. बोट त्यांनी तिथेच ठेवलं. मग म्हणाले, "अर्धवट असताना यायला हवं होतं गं. उगीच हट्ट केला."

"मीच ओढून आणायला हवं होतं."

"मी आलो नसतो."

खरं होतं ते. नळी दुसऱ्या पायरीवर हलवायची होती, मला उठावं लागलं.

चाचणी चांगली झाली. थरात शिसंही सापडलं. त्यावर आता पुढचं काम चालू आहे. बाबांना अभिमान वाटला, शेजाऱ्यांना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पण त्या दिवसापासून रविवारी त्यांनी कामाबद्दल विचारलं नाही. पाणी आलं का, जेवलीस का, तिकडे थंडी आहे का, एवढंच. मी स्वतःहून सांगायला लागले की ते शांतपणे ऐकतात, "वा, छान" म्हणतात आणि फोन आईकडे देतात.